वक्ष तपासणी व ऑस्टिओपॅथी उपचार

वक्ष तपासणी म्हणजे छातीचा सांगाडा, स्नायू, फुफ्फुसे व हृदय यांच्या स्थितीचा डोळे, हात व कान यांच्या साहाय्याने घेतलेला वेध. ऑस्टिओपॅथी या हाताने उपचार करण्याच्या पद्धतीत या तपासणीला पायाचे स्थान आहे. छातीतील वेदना स्नायूंची असू शकते, तशीच ती हृदयविकाराचीही असू शकते. म्हणून छातीवर दाब कसा द्यावा याआधी तो कधी देऊ नये, हे विद्यार्थ्याला शिकावे लागते.

रचना

वक्षाचा पिंजरा पाठीचे १२ मणके, बरगड्यांच्या १२ जोड्या व उरोस्थी (छातीचे मधले हाड) यांचा बनलेला असतो. वरच्या ७ जोड्या कूर्चांद्वारे उरोस्थीला थेट जोडलेल्या असतात. शेवटच्या २ जोड्यांची पुढील टोके मोकळी असतात. श्वास घेताना वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्याप्रमाणे वर उचलल्या जातात, तर खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाजूंना वर उचलल्या जातात. ही हालचाल हाताला जाणवते.

इतिहास

छाती बोटांनी ठोकून रोग ओळखण्याची पद्धत व्हिएन्ना येथील वैद्य लेओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये कागदाच्या सुरळीतून छातीतील आवाज ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोपचा उगम झाला. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला व १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले.

तपासणीचा क्रम

रुग्णाची हकिकत ऐकल्यानंतर तपासणी चार टप्प्यांत होते.

निरीक्षण : छातीचा आकार, दोन्ही बाजूंची हालचाल व श्वासाची गती पाहतात. विश्रांती घेणाऱ्या निरोगी प्रौढात मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास असतात. मोजणी सुरू असल्याचे कळताच रुग्णाचा श्वास बदलतो, म्हणून ती त्याच्या नकळत करतात.

स्पर्शन : उरोस्थीवरील आडवा उंचवटा दुसऱ्या बरगडीच्या पातळीवर असतो, बरगड्यांची मोजणी तेथून सुरू होते. ऑस्टिओपॅथीत यासोबत ऊतींचा ताठरपणा, दोन बाजूंतील असमानता, हालचालीतील अडथळा व दुखरेपणा पाहतात.

ताडन : एका हाताचे मधले बोट छातीवर टेकवून त्यावर दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने ठोकतात. हवा असलेल्या फुफ्फुसावर घुमणारा, तर पाणी साचलेल्या जागी बद्द आवाज येतो.

श्रवण : स्टेथोस्कोपने उजवी व डावी बाजू आलटून पालटून, समान जागी ऐकतात.

उपचार

बरगडी-उत्थापन या तंत्रात उताण्या रुग्णाच्या पाठीखाली बोटे सरकवून बरगड्या कण्याजवळ हलकेच उचलतात. लसीका-पंप तंत्रात छातीच्या वरच्या भागावर तालबद्ध दाब देतात. स्नायू सैल करणे व सांध्याला झटकन हालचाल देणे, ही अन्य तंत्रे होत.

पुरावा व मर्यादा

न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल असलेल्या, ५० वर्षे व त्यावरील ४०६ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व रुग्ण हिशेबात धरता, हाताने उपचार झालेला गट व इतर गट यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ठरल्याप्रमाणे पूर्ण उपचार घेतलेल्यांचाच विचार करता, केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्या गटापेक्षा त्यांचा रुग्णालयातील मुक्काम कमी दिसला. हे उपचार प्रतिजैविकांसोबतच दिले होते. ते औषधांना पर्याय ठरत नाहीत.

बरगडीचा अस्थिभंग, हाडांची तीव्र ठिसूळता किंवा हाडात पसरलेला कर्करोग असल्यास जोरदार दाबाची तंत्रे वर्ज्य मानतात. छातीत अचानक दाटून येणारी वेदना, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, घाम, धाप किंवा थुंकीतून रक्त ही लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. छाती दाबल्यावर दुखते, एवढ्यावरून हृदयविकार नाही असे ठरवता येत नाही.

शिक्षण व मान्यता

अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे पदवीधर पूर्ण अधिकाराचे वैद्यकीय डॉक्टर असतात. औषधे देणे व शस्त्रक्रिया करणे हेही त्यांच्या कक्षेत येते. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने या व्यवसायाला नोंदणी लागू झाली. तेथे केवळ ऑस्टिओपॅथीच्या पदवीने कोणी वैद्यकीय डॉक्टर होत नाही.