गाडीने मागितलं किती, मिळालं किती?

ऑक्टोबर २०१० मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा होता सुमारे ६५ कोटींचा. शेजारच्या शेंद्र्यात तर ऑडीच्या क्यू५, क्यू७ सारख्या एसयूव्ही जुळवल्याच जातात. त्यामुळे इथल्या रस्त्यावर महागडी गाडी दिसणं नवलाचं नाही. नवल आहे ते अशी गाडी कन्नडचा घाट चढताना अचानक ढिली पडते त्यात. पाय दाबला तरी ओढत नाही. मालक म्हणतो, ‘पिकअप गेलं.’ आणि पुष्कळदा इंजिनाला स्वतःला काहीही झालेलं नसतं. त्याला फक्त हवा कमी पडत असते.

हवा लागते तरी किती? एक किलो डिझेल जाळायला साधारण साडेचौदा किलो. म्हणजे लिटरभर डिझेलसाठी दहा हजार लिटरहून जास्त हवा! तीन लिटरचं इंजिन दोन हजार आरपीएमला नुसत्या आपल्या दमावर मिनिटाला जेमतेम तीन हजार लिटर ओढतं. दोन टनांहून जड गाडी तेवढ्यावर घाट झपाट्याने चढणार नाही. म्हणून टर्बो.

शहरातली पाणचक्की पाहिलेल्याला टर्बो समजायला वेळ लागत नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बंद नळांतून येतं, उंचावरून पडून चाक फिरवतं आणि त्या चाकावर जातं चालतं. टर्बोत पाण्याच्या जागी इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर असतो. तो एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. वाया जाणाऱ्या धुराला कामाला जुंपायची ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंट केली. आज हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत.

दाबलेली हवा तापते. तिला इंटरकूलरमधून गार करून इंजिनापर्यंत नेतात ते रबरी होज. खरी गंमत इथे आहे. उन्हाने, तेलाने, वर्षानुवर्षांच्या दाबाने होजला बारीक चीर पडते. गाडी उभी असताना ती मिटलेली असते. बोट फिरवलं तरी लागत नाही. घाटात दाब वाढला की होज फुगतो, चीर उघडते आणि हवा फुस्स करून निघून जाते. खूण राहते ती एवढीच: होजच्या पोटाला तेलकट ओल आणि तिच्यावर बसलेली धूळ.

पण हवा मोजणारा सेन्सर बसतो एअर फिल्टरच्या लगेच पुढे, टर्बोच्याही आधी. त्यात तापवलेला इवलासा पापुद्रा असतो. वारा जितका जास्त, तितका तो लवकर निवतो, आणि त्याला तापत ठेवायला किती वीज लागली यावरून हवेचं वजन निघतं. चीर पुढे असल्यामुळे सेन्सर निसटलेली हवाही हिशेबात धरतो. गाडीचा कॉम्प्युटर त्या हिशेबाने डिझेल सोडतो, ते पुरतं जळत नाही, काजळी होते. पूर्वी मागून काळा धूर निघायचा आणि दुखणं लगेच कळायचं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ नावाची जाळी ती काजळी अडवते. मागून धूर दिसत नाही, इकडे जाळी भरत जाते. ती तुंबली की धुराला वाट मिळत नाही आणि ताकद आणखी घटते. शेवटी कॉम्प्युटर टर्बो आणि इंजिन वाचवण्यासाठी स्वतःच ताकद कापतो. मालकाला वाटतं गाडी थकली. खरं तर ती जपून चाललेली असते.

चीर नसतानाही जाळी भरते. साचलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जळते. क्रांती चौक ते सिडको अशा सिग्नलांच्या फेऱ्यांत तेवढी उष्णता टिकत नाही. समृद्धी महामार्गावर अर्धा तास एका वेगाने गाडी चालली, तर बऱ्याचदा जाळी आपोआप साफ होते. डॅशबोर्डवरचा दिवा लागून बरेच दिवस दुर्लक्ष केलं असेल, तर मात्र वर्कशॉपमध्येच जावं लागतं.

म्हणून चांगला मेकॅनिक पाना उचलण्याआधी स्कॅनर लावतो. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली. टर्बोचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने त्या वेळी बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीला तो १०१३ मिलिबारच्या आसपास असतो. आपलं शहर साडेपाचशे मीटरहून उंच, म्हणून इथे आकडा ९५० च्या जवळ दिसतो. पुस्तकातला आकडा डोक्यात धरून बसलेला माणूस चांगला सेन्सर फेकून देईल!

मग गाडी चढावर न्यायची आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे: कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला. समजा मागितले २१०० मिलिबार आणि मिळाले १५००. तर हवा कुठेतरी गळते आहे किंवा टर्बोची पाती काजळीने अडकली आहेत. दोन्ही आकडे जुळत असतील तर डिझेल फिल्टर, इंजेक्टर आणि डीपीएफच्या अलीकडचा-पलीकडचा दाब पाहायचा. गळतीचा संशय असेल तर हवेच्या वाटेत धूर भरतात. जिथून धुराची रेघ निघते, तिथे चीर. होज बदलायचा, क्लॅम्प आवळायचा. टर्बोच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ.

‘साहेब, कोड क्लिअर केला, आता बिनधास्त चालवा,’ एवढ्यावर मात्र गाडी ताब्यात घेऊ नये. बिघाडाचा कोड पुसला की दिवा विझतो, चीर तशीच राहते. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा स्कॅनर लावून बघायला सांगा. मागितलेल्या आणि मिळालेल्या दाबाच्या रेषा एकमेकींवर बसल्या, तरच बिल द्या.