आधी बुश, मग बाकीचं

मुळशी मागे टाकून गाडी ताम्हिणीच्या वळणांना लागली की आई खिडकीवरचा दांडा धरते. गेल्या दिवाळीत तर घाट उतरेपर्यंत तिने तो सोडला नाही. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून मगच वळायची, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढायची आणि खड्ड्यातून गेली की पुढच्या डाव्या चाकाखालून खटखट यायची. गाडी 2009 ची स्विफ्ट, लाखभर किलोमीटर झालेली. इंजिन अजून ठणठणीत. रोज ऑफिसला नेणारी ही गाडी विकायची माझी इच्छा नव्हती आणि नवी घेण्याइतके पैसेही हाताशी नव्हते.

पहिले पैसे वायाच गेले. एका वर्कशॉपने आवाज ऐकताच पुढचे दोन्ही शॉकअप बदलायला लावले. बिल भरलं, घरी आलो, सोसायटीच्या दारातल्या स्पीडब्रेकरवर पुन्हा खटखट! मग एका मित्राने त्याच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे, चाचांकडे पाठवलं. चाचांनी गाडी रॅम्पवर घेतली, लोअर आर्म आणि क्रॉस मेंबर यांच्या मधल्या फटीत टॉमी घातली आणि हलकेच दाबली. आर्म बोटभर सरकला. त्याच्या मागच्या जोडातल्या बुशचं रबर गोलाईत फाटलं होतं, मधली लोखंडी नळी त्यात नुसती लोंबत होती. ‘‘साहेब, शॉकअप बिचारा काय करणार? बुश मेलाय,’’ चाचा म्हणाले.

ते फाटकं रबर पाहिलं आणि गाडीचं सगळं वागणं एकदम उलगडलं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही रचना 1950 च्या फोर्ड कॉन्सलमध्ये होती, आणि स्वस्त, सुटसुटीत म्हणून ती जगभर पसरली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात आले, त्यामुळे वरचा आर्म लागत नाही. पण मग चाक जागेवर धरून ठेवायची बरीचशी जबाबदारी खालच्या एकट्या आर्मवर, म्हणजे त्याच्या बुशांवर येते. बुश फाटला की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि त्याची दिशा बदलते. अशा गाडीचं अलाइनमेंट कितीही वेळा करा, यंत्रावर उभ्या गाडीचे आकडे बरोबर दिसतील आणि रस्त्यावर गाडी पुन्हा भरकटेल.

बुश बदलताना चाचांनी केलेली एक गोष्ट प्रत्येकाने आपल्या मिस्त्रीला आवर्जून सांगावी अशी आहे. त्यांनी बोल्ट नुसते बसवून ठेवले, गाडी खाली घेतली आणि वजन चाकांवर आल्यावरच ते शेवटचे आवळले. चाकं हवेत लोंबत असताना आवळले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली येताच ते पिळलं जातं, कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. या कामाला जास्तीचा एक रुपया लागत नाही, पण घाईत ते फार थोडे जण करतात.

बुशांबरोबर लिंक रॉडही बदलले. खराब रस्त्यावरच्या खडखडीचं ते नेहमीचं कारण, आणि सुटा भाग म्हणून फारसे महागही नसतात. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड तपासून घेतले. शॉकअपबद्दल एवढंच सांगतो: गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप त्या स्प्रिंगचं उसळणं थांबवतो. तो तेल सोडत असेल किंवा उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा हिंदकळत असेल, तर बदला, पण जोडीने बदला. स्ट्रट उतरवलाच आहे तर वरचा माउंट आणि बंप स्टॉपही पाहून घ्या, कारण मजुरी एकदाच पडते.

मग टायर. रस्त्याला टेकतो तो तेवढाच भाग, म्हणून बुशांच्या खालोखाल माझे पैसे तिथेच गेले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. माझ्या टायरांवर नक्षी भरपूर होती, पण रबर वयाने दगड झालं होतं, ओल्या रस्त्यावर ते धरणार कसं? मूळ माप 165/80 आर 14. त्याजागी 185/65 आर 15 घेतलं तर पूर्ण चाकाचा व्यास जेमतेम 2 मिलिमीटरने बदलतो आणि स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पण रिम नवे घ्यावे लागतात, आणि बाजूची भिंत बुटकी झाली की खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. मी मूळ मापच ठेवलं. हवा भरताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा पाहा, टायर थंड असताना भरा. पंपावरची मुलं आपलेपणाने चार-पाच पॉइंट जास्त भरतात. गाडी हलकी पळते खरी, पण मग चाक रस्त्यावर उड्या मारतं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या. अशा गाड्यांमध्ये मागे एकच जोड ॲक्सल असतो, त्याचा कोन साधारणपणे फिरवता येत नाही. पुढेही मुख्यतः टो, म्हणजे चाकांची आत-बाहेरची दिशा, जुळवतात. तेव्हा ‘कॅम्बर’, म्हणजे चाकाचा उभा कल, ‘केला’ म्हणून कुणी पैसे लावले तर नेमकं काय फिरवलं ते दाखवायला सांगा.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्या तरुण मुलांना मी मनापासून विनवतो, हे करू नका. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, चाकाला वरखाली व्हायला जागा उरत नाही, गाडी सतत बंप स्टॉपवर आपटते आणि कापलेलं टोक आपल्या खोबणीत नीट बसत नाही. भर वळणात ते निसटलं तर? गाडीतल्या परस्पर बदलांना आडकाठी करणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाची अडचण वेगळीच. वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफरही मी घेतले नाहीत. मागे भार वाहणाऱ्याला त्यांचा उपयोग होत असेल, पण फाटका बुश त्यांनी शिवला जात नाही. त्यापेक्षा टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवा. मी उतरवलं, आणि वळणात वरचं वजन कमी झाल्याचं हाताला कळलं.

या गणपतीत पुन्हा ताम्हिणी उतरलो. पाऊस होता. स्टिअरिंग वळवलं तशी गाडी वळली, ब्रेकवर सरळ राहिली. माणगाव येईपर्यंत आईचे हात मांडीवरच्या मोदकांच्या डब्यावर होते. मागच्या ॲक्सलचे बुश मात्र अजून मूळचेच आहेत, आणि तिथून हल्ली बारीक करकर येते. चाचांनी पाडव्यानंतरचा शनिवार दिलाय.