पापण्या जांभळ्या का झाल्या?

वेणी घालताना हात भरून येतात. मांडी घालून बसलं की जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. त्याच सुमारास पापण्यांवर जांभळट सूज येते, बोटांच्या सांध्यांवर खरबरीत चट्टे उठतात. सावळ्या कातडीवर ही लाली काळपट दिसते, त्यामुळे ती आणखी फसवते. उन्हाची ॲलर्जी असेल, बी-१२ कमी झालं असेल, असं म्हणत मलमं लावण्यात महिने जातात.

या आजाराचं नाव डर्मॅटोमायोसायटिस. यात प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘दंगल’ चित्रपटातली अभिनेत्री सुहानी भटनागर १९ व्या वर्षी याच आजाराने गेली, तेव्हा हे नाव बातम्यांत आलं. या आजारामागे कधीकधी लपलेला कर्करोग असतो. इतक्या लहान वयात तसं सहसा नसतं. चाळिशीनंतर मात्र तशी शंका घ्यावीच लागते.

स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या ६१८ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातल्या १९८ जणांना कर्करोग होता आणि ११५ जणांत तो या आजाराचं निदान झाल्यावर उघडकीस आला. अंडाशय, फुप्फुस, स्वादुपिंड, जठर, मोठं आतडं ही त्याची नेहमीची ठिकाणं.

असं का होतं? कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींत टिफ-१ गॅमासारखं एखादं प्रथिन बिघडतं आणि शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. झीज भरून काढणाऱ्या स्नायूंतही हे प्रथिन भरपूर असतं, म्हणून मारा तिकडेही होतो, असा संशोधकांचा तर्क आहे. तो खरा असेल, तर शरीराने गाठ डॉक्टरांच्या आधीच ओळखलेली असते. मला या आजारातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि नेमकी तीच आपण वाया घालवतो. स्टिरॉइडने पुरळ ओसरलं की सगळे निर्धास्त होतात.

बहुतेक रुग्णांना कर्करोग निघत नाही, हेही तितकंच खरं. पण धोका पहिल्या वर्षी सर्वाधिक असतो आणि पुढची काही वर्षं टिकतो, त्यामुळे एकदा सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणून भागत नाही. गाठ काढल्यावर अनेकांची ताकद परत येते. पुरळ पुन्हा उठलं, तर गाठही परतली आहे का हे पाहावं लागतं.

घरात कुणाला हे निदान झालं असेल, तर डॉक्टरांना थेट विचारा: टिफ-१ गॅमाची तपासणी झाली का? कर्करोगाचा शोध घेतला का, आणि तो पुन्हा कधी घ्यायचा?