बारेचा जोर कुठून आणायचा

गिटारशी ओळख : लेखांक ७

मागच्या लेखांकापर्यंत आपण मोकळ्या तारांच्या कॉर्ड्स वाजवत होतो. सी, जी, डी, ई, ए मायनर, ई मायनर. एवढ्या भांडवलावर बरीच गाणी निघतात आणि हात जरा धीट होतो. आता एफ. गिटार हौसेनं घेतलेली आणि मग कपाटावर ठेवून दिलेली जितकी माणसं मला भेटली, त्यांतली बहुतेक याच कॉर्डपाशी थांबलेली होती. कारणं ठरलेली असतात. बोटं आखूड आहेत, मनगटात ताकद नाही, शिकायचं वय गेलं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही कारणं क्वचितच खरी असतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलींना मी स्वच्छ एफ वाजवताना पाहिलं आहे आणि व्यायामशाळेत कमावलेल्या हातांना त्याच कॉर्डवर घाम फुटतानाही पाहिलं आहे. ताकदीचा प्रश्न असता तर असं झालं नसतं. जोर चुकीच्या जागी लागतो, किंवा वाद्यच नीट जुळवलेलं नसतं.

आधी या कॉर्डची रचना बघू. तुम्हाला ई मेजर येते. तो आख्खा आकार एक फ्रेट पुढे सरकवला की एफ होते. अडचण एवढीच की ई वाजवताना ज्या तारा मोकळ्या असतात, त्याही एक फ्रेट पुढे सरकवाव्या लागतात. ते काम तर्जनी आडवी टाकून होतं, आणि यालाच बारे म्हणायचं. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी. मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि करंगळी चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. जाड तारेकडून बारीक तारेकडे स्वर येतात ते एफ, सी, एफ, ए, सी, एफ.

आता नीट पाहा. पाचवी, चौथी आणि तिसरी या तारा बाकीच्या तीन बोटांनी दाबलेल्याच आहेत. त्यांच्यावर तर्जनीनं कितीही जोर लावला तरी आवाजात काही फरक पडत नाही. तर्जनीच्या वाट्याला खरं काम येतं ते फक्त सहावी, दुसरी आणि पहिली या तीन तारांवर. एवढं कळलं तरी निम्मा ताण उतरतो. सहाही तारा सारख्या दाबायच्या असं मनात धरून बसलेला माणूस बोटाच्या मध्यावर जोर एकवटतो, म्हणजे नेमका तिथे, जिथे त्याची गरज नाही.

एवढी यातायात कशासाठी, असं कुणी विचारेल. आपल्याकडे गिटार वाजवणाऱ्याला आज ना उद्या कुणाच्या तरी गाण्याला साथ करावी लागते, आणि गाणारा पट्टी सांगतो ती पेटीच्या भाषेत. काळी एक, काळी चार, काळी पाच. काळी एक म्हणजे आपली सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये यांतल्या एकाही स्वराची मोकळ्या तारांची मेजर कॉर्ड नाही. पांढरी चार म्हटलं तर तीही थेट एफच. बारेचा आकार मात्र हवा तिथे सरकतो. हाच ई-आकार दुसऱ्या फ्रेटवर नेला की काळी तीन, तिसऱ्यावर जी, चौथ्यावर काळी चार, सहाव्यावर काळी पाच, नवव्यावर काळी एक. एक आकार हाताला बसला की बाराही मेजर कॉर्ड्स हाताशी येतात. मधलं बोट उचललं की त्याच जागेवरची मायनर मिळते. आकार एकूण दोनच, आणि कोणत्याही गायकासमोर बसताना भीती उरत नाही. गिटार शिकण्यातला हा सगळ्यात मोठा टप्पा आहे असं माझं मत आहे.

कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबणारा चिमटा, लावून भागणार नाही का? काही प्रमाणात भागतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीच्या आकारांनी वाजवलं की काळी एक झाली. पण सीच्या पट्टीत मध्यमाची कॉर्ड एफच असते, म्हणजे आकार पुन्हा तोच समोर येतो. सहाव्या फ्रेटवर कॅपो लावून जीच्या आकारांनी वाजवलं तर एफ टळते, पण खर्जाचा भरदार आवाज जातो. भावगीताच्या साथीला मला तो हवासा वाटतो.

आता वाद्याकडे वळू, कारण शिकवणीत हा भाग बहुधा राहूनच जातो. कपडे वाळत घालायची दोरी मध्यावर सहज खाली दबते, खुंटीजवळ मात्र ती हटत नाही. गिटारची तार नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी, अशीच ताठ असते. तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरली तर पहिला फ्रेट नटपासून जेमतेम साडेछत्तीस मिलिमीटरवर येतो आणि पाचवा सुमारे १६३ मिलिमीटरवर. म्हणजे एफ ही बारे कॉर्ड्समधली सगळ्यात ताठ जागी येणारी कॉर्ड, आणि नवशिक्याला सगळ्यात आधी तीच दिली जाते! त्यात नटच्या खाचा उथळ असल्या, म्हणजे तार नटवर हवी त्यापेक्षा उंच बसली, तर पहिल्या फ्रेटवर ती खाली आणायला बराच जास्त जोर लागतो. स्वस्त गिटारींमध्ये हे अगदी सर्रास आढळतं. खाच उथळ ठेवणं बनवणाऱ्याच्या सोयीचं असतं, कारण जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते.

तुमच्या गिटारची तपासणी घरी करता येईल. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून ठेवा आणि पहिल्या फ्रेटच्या पट्टीवर ती किती उंच राहते ते बघा. फट कागदाच्या जाडीइतकी असावी. व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत असेल तर नट उंच आहे. दुसरी खूण म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून दुसऱ्या फ्रेटवर बारे धरून बघा. तिथे कॉर्ड लगेच स्वच्छ वाजली तर तुमच्या बोटांवर ठपका ठेवायचं कारण उरलं नाही. नटच्या खाचा बारीक कानशीनं खोल करून घ्याव्या लागतात. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या. कानस थोडी जास्त फिरली तर नट बदलावा लागतो.

बाराव्या फ्रेटवरही नजर टाका. लोखंडी तारांच्या गिटारवर सहाव्या तारेची तिथली उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषतं, वरची फळी फुगते, तिच्याबरोबर ब्रिज उचलला जातो आणि तारा नेकपासून लांब जातात. जूनपर्यंत येत असलेली एफ ऑगस्टमध्ये येईनाशी झाली तर हे एक कारण असू शकतं. विदर्भातल्या मे महिन्यात उलट होतं. लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोचायला लागतात. पावसाळ्यात गिटार बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, उन्हाळ्यात पंख्याच्या झोतात उघडी टांगू नका. तारांची जाडीही बघा. पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असलेला संच असेल तर शिकण्यापुरता ०.०१०चा लावून घ्या. आवाज थोडा पातळ होईल, पण हाताला फार दिलासा मिळेल.

वाद्य हाताला जुळवून घेण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी ब्लॅक सॅबथ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांचं उदाहरण लक्षात ठेवावं. १९६५ साली बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी झाला. कारखान्यातल्या फोरमननं त्यांना गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. १९२८च्या आगीत राइनहार्टच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी निकामी झाली होती, आणि तरी तो मुख्यतः दोन बोटांवर ते विलक्षण वेगवान सोलो वाजवत होता. आयोमींनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, त्यांवर चामडं लावलं, गिटारवर बँजोच्या बारीक तारा चढवल्या, आणि पुढे तारा सैल करून खालच्या स्वरांत लावल्या. ब्लॅक सॅबथचा तो जड, खोल आवाज घडण्यात या तडजोडींचा मोठा हात आहे.

आता हात ठेवू. पहिल्या फ्रेटवर सुरुवात करू नका, पाचव्या फ्रेटवर करा. तार तिथे नरम लागते आणि फ्रेटही जवळजवळ असल्यानं बोटं ताणावी लागत नाहीत. तर्जनी फ्रेटच्या पट्टीला अगदी मागून चिकटून ठेवा. तळव्याची बाजू सपाट न टेकवता बोट अंगठ्याच्या दिशेनं थोडं कलतं करा. तर्जनीची ती कड हाडाळ असते, मधला भाग मऊ असतो आणि सांध्यांपाशी घड्या असतात. तार घडीत सापडली की ती वाजत नाही, मग कितीही दाबा. अशा वेळी जोर न वाढवता बोट दोन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवून बघा. प्रत्येकाच्या बोटाची घडण वेगळी, त्यामुळे नेमकी जागा ज्याची त्यानंच शोधायची असते. बाकीची बोटं न लावता फक्त पहिल्या दोन तारा दाबून वाजवा. त्या स्वच्छ आल्या की सहावी तपासा. मगच उरलेली बोटं टाका आणि एकेक तार वेगळी छेडून ऐका. सहाही एकदम छेडल्या तर कुठली तार मुकी आहे ते कळत नाही.

आणि जोर. बहुतेक जण अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत नेक आवळतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू लहान असतो, मिनिटाभरात तो भरून येतो. त्याऐवजी कोपर सैल सोडा आणि आख्खा हात किंचित मागे, स्वतःकडे ओढा. उजव्या हाताची कोपरापुढची बाजू गिटारच्या अंगावर टेकलेली असतेच, ती वाद्य जागेवर धरून ठेवते. असं केलं की दंड आणि पाठ कामाला लागतात. खात्री करायची तर अंगठा नेकवरून क्षणभर उचलून कॉर्ड वाजवा. ती अंगठ्याशिवायही वाजते हे पाहून सगळेच चकित होतात. मनगट जमेल तितकं सरळ राहू द्या. हात दमणं चालेल. मनगटात कळ आली किंवा बोटं बधिर झाली तर तिथेच थांबा, आणि बधिरपणा टिकला तर डॉक्टरांना दाखवा.

पाचव्यावर जमलं की चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, असे दर एक-दोन दिवसांनी खाली या. रोज पाच-पाच मिनिटं दोन-तीन वेळा पुरे. सलग अर्धा तास झगडलात तर शेवटची वीस मिनिटं दमलेला हात चुकीची पकडच पाठ करत असतो. दरम्यान गाण्यांसाठी छोटी एफ वापरा, फक्त पहिल्या चार तारांची. काही वादक सहावी तार अंगठा नेकवरून वळवून दाबतात. जिमी हेंड्रिक्सची ती खास सवय होती. मात्र क्लासिकल गिटारच्या सुमारे ५२ मिलिमीटर रुंद नेकवर बहुतेकांना ते झेपत नाही.

कॉर्ड आली तरी ती वेळेवर येणं हा वेगळा अभ्यास आहे. सी वरून एफवर जाताना एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. अनामिका दोन्ही कॉर्ड्समध्ये पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच असते. ती उचलू नका. तिच्या आधारानं मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसरीवर येतं, करंगळी चौथीवर उतरते आणि तर्जनी आडवी होते. मेट्रोनोम ६० वर लावा, चार मात्रा सी, चार मात्रा एफ. तबल्याचे विद्यार्थी कायदा आधी ठाय लयीत पक्का करतात आणि मगच दुगुणीत जातात, तीच शिस्त इथे ठेवायची. उजवा हात कोणत्याही परिस्थितीत थांबवायचा नाही. डावा हात पोचला नसेल तर अर्धवट कॉर्ड वाजू दे, मोकळ्या तारा वाजू देत, पण मात्रा चुकता कामा नये. साथीला बसल्यावर एखादी कॉर्ड अस्पष्ट आली तर गायक निभावून नेतो. लय तुटली तर त्याला गाता येत नाही.

पुढच्या लेखांकात ए-आकाराचा बारे घेऊ. त्यात एकट्या अनामिकेनं दुसरी, तिसरी आणि चौथी तार दाबायची असते, आणि काळी एक नवव्याऐवजी चौथ्या फ्रेटवर मिळते. तोवर नटची तपासणी करून ठेवा, आणि गरज असेल तर गिटार याच आठवड्यात दुरुस्तीला द्या.