हृदयातला फुगा

छातीत कळ आली की कळंबहून रुग्णाला लातूर-सोलापूरला नेतात. तेथे ‘फुगा घालावा लागेल’ हे ऐकून घरचे घाबरतात. हा फुगा जत्रेतला नव्हे. रबर ताणतच जाते. त्याने रक्तवाहिनी फाटेल. म्हणून तो नायलॉनसारख्या फारशा न ताणणाऱ्या प्लॅस्टिकचा, ठरावीक २ ते ४ मिलिमीटर व्यासाचा करतात. घडी घालून नळीवर बसवतात व हवेऐवजी द्रवाने फुगवतात. म्हणजे फुटला तरी रक्तात हवा शिरत नाही. डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी असे फुगे घरच्या स्वयंपाकघरात घडवले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचला हृदयाच्या रक्तवाहिनीत प्रथम यशस्वीपणे वापरले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो. धम्मबांधवांनो, पैशाच्या धास्तीने रुग्णाला घरी ठेवू नका.