पंचांचा निकाल आणि प्रेक्षकांची तक्रार



ज्या खेळांत हारजीत आहे त्या खेळांत पंच आहे, आणि जेथें पंच आहे तेथें त्याच्या निकालाविरुद्ध कुरकुर करणारा प्रेक्षकही आहेच. फुटबॉलच्या इतिहासांत तर अशा कुरकुरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. १९६६ सालीं लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत इंग्लंडच्या जेफ हर्स्टनें मारलेला चेंडू गोलरेषेच्या आंत पडला कीं बाहेर, यावर इंग्रज आणि जर्मन यांचें अजून एकमत झालेलें नाहीं. १९८६ सालीं मेक्सिकोंत माराडोनानें हातानें घातलेला गोल साऱ्या जगानें पाहिला, तो एका पंचालाच दिसला नाहीं. आमच्याकडे कोल्हापुरांत पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशीं तालमींचीं नांवें लावणारे फुटबॉलचे संघ आहेत. तालमीचें नांव आणि खेळ चेंडूचा, हा संयोग परगांवच्या माणसास मोठा चमत्कारिक वाटतो. परंतु तेथून सांगली-सातारा बाजूस आलें म्हणजे तालीम म्हटली कीं कुस्तीच. म्हणून पंच आणि प्रेक्षक यांच्या या जुन्या भांडणाचा विचार आज मी कुस्तीच्या उदाहरणानें करणार आहें. मी स्वतः मल्ल नव्हे. कवठे महांकाळसारख्या ठिकाणीं मुलांना भूमिति शिकवण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. आणि हल्लींच्या कुस्तीच्या भांडणांत भूमितीचा भाग बराच आहे, हें पुढें दिसून येईल.

आमच्या भागांतील जत्रेचें मैदान ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना निकाली कुस्ती म्हणजे काय हें सांगावयास नको. हलगी वाजते, जोड लागते, आणि एकाची पाठ मातीला लागून दोन्ही खांदे टेकले कीं कुस्ती झाली. तेथें मोजदाद नाहीं. मातींत उभे असलेले पंच बहुधा गांवचेच जुने मल्ल किंवा वस्ताद असतात. पाठ लागलेली शेवटच्या रांगेंतल्या पोरालाही दिसते, आणि अंगाला लागलेली माती हाच पुरावा असतो. तेथें तंटे होत नसत असें मात्र मी म्हणणार नाहीं. तंटे होत, पागोटीं उडत, क्वचित्‌ दोन गांवांचें येणें-जाणेंही बंद होई. पण निर्णय झालाच नाहीं तर कुस्ती बरोबरीत सोडवीत, किंवा पुन्हां लावीत. आणि कोणत्या कारणानें असें केलें तें पंच तेथल्या तेथें हात वर करून सांगत.

गुणांची कुस्ती आली आणि हें सारें बदललें. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें सामना तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांचा असतो. मल्लांजवळ वावरणारा एक पंच, बाजूस बसलेला दुसरा, आणि दोघांवर देखरेख करणारा प्रमुख असे तिघे निकाल देतात, व त्यांतील दोघांचें मत जुळावें लागतें. प्रतिस्पर्ध्यास रिंगणाबाहेर काढलें तर एक गुण, खालीं घेऊन ताबा मिळवला तर दोन. उभ्या मल्लास पाडून सरळ ‘धोक्याच्या स्थितींत’ नेलें तर चार, आणि उचलून मोठ्या उंचीची फेंक केली तर पांच. आतां ही धोक्याची स्थिति म्हणजे काय? मल्लाची पाठ जमिनीकडे वळून तिची रेषा जमिनीशीं काटकोनाहून लहान कोन करूं लागली, म्हणजे तो धोक्यांत आला. येथें आमची भूमिति उपयोगी पडते. एकच कोन समोरून पाहणाऱ्यास एक दिसतो आणि तिरकस बाजूनें पाहणाऱ्यास निराळा दिसतो, हें कोणाही विद्यार्थ्यास पुठ्ठ्याचा तुकडा कापून दाखवतां येईल. पन्नास हात दूर, एका अंगास बसलेला प्रेक्षक आणि दोन हातांवर वांकून पाहणारा पंच यांना एकच कोन दिसेल ही अपेक्षाच चुकीची. त्यांतून हा कोन क्षणभरच टिकतो. आणि त्या क्षणावर दोन गुण कीं चार हें ठरतें, म्हणजे कित्येकदां वर्षाची सारी मेहनत ठरते.

पुण्यास कोथरूड येथें २०२३ च्या जानेवारींत भरलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत नेमकें हेंच घडलें. माती विभागांत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची गांठ पडली. महेंद्रनें बाहेरील टांग मारली आणि त्यास चार गुण मिळाले. कुस्तीचें पारडें तेथें फिरलें. सिकंदर धोक्याच्या स्थितींत सरळ गेला, कीं आधीं कुशीवर पडला, एवढाच काय तो प्रश्न होता. पण त्या प्रश्नावर महाराष्ट्र कित्येक दिवस दुभंगला. लोक मोबाइलवर ती चित्रफीत थांबवून थांबवून पाहूं लागले, आणि जो तो आपल्या बाजूचा कोन दाखवूं लागला. पंचांना दूरध्वनीवरून धमकी आली व प्रकरण पोलिसांपर्यंत गेलें. पुढें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत फुलगांव येथें सिकंदरनें शिवराज राक्षे याला हरवून गदा मिळवली; तरी जानेवारींतल्या त्या चार गुणांची चर्चा मिटली नाहीं ती नाहींच.

याहून वाईट प्रकार २ फेब्रुवारी २०२५ रोजीं अहिल्यानगरास झाला. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तींत पृथ्वीराज मोहोळ यानें शिवराज राक्षे यास चितपट केल्याचा निकाल पंचांनीं दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेलेच नाहींत, चित्रफीत पाहून फेरतपासणी करावी, अशी शिवराजची मागणी होती. ती मान्य झाली नाहीं, तेव्हां त्यानें पंचांची गळपट्टी धरली आणि त्यांना लाथ मारली. पुढें अंतिम कुस्तींत महेंद्र गायकवाड हाही एका गुणाच्या वादावरून अवघे कांहीं सेकंद उरले असतां मैदान सोडून गेला. दोघांवरही तीन वर्षांची बंदी घालण्यांत आली. पंचावर पाय उगारणें हें कोणत्याही सबबीखालीं क्षम्य नव्हे. ज्या तालमींत वस्तादाच्या पायांवर डोकें ठेवून शड्डू ठोकतात तेथें वाढलेल्या मल्लानें तें करावें याचें दुःख अधिक. पण शिक्षा झाली म्हणून प्रश्न सुटला काय? आमच्याच सांगली जिल्ह्यांतील चंद्रहार पाटील यांनीं २००७ व २००८ अशीं लागोपाठ दोन वर्षें महाराष्ट्र केसरी हा मान मिळवला होता. अहिल्यानगरच्या प्रकारानंतर त्यांनीं आपल्या दोन्ही गदा परत करण्याचें जाहीर केलें. २००९ सालीं आपल्यावरही असाच अन्याय झाला, असें त्यांचें म्हणणें. तें खरें कीं खोटें याचा निवाडा मी करीत नाहीं. परंतु पंधरासोळा वर्षें एखादी तक्रार मनांत जशीच्या तशी राहते, याचा अर्थ ती कोणी ऐकून घेऊन, तिचें उत्तर देऊन, बंद केलेली नाहीं, इतका तरी खास आहे.

माझ्या मतें प्रेक्षकाच्या संतापाचें मूळ येथें आहे. पंच माणूस आहे, तो चुकेल, हें खेड्यांतला अडाणी माणूसही जाणतो. आपलें म्हणणें ऐकावयास कोणी बसलेलेंच नाहीं, असें वाटूं लागलें म्हणजे मात्र साध्या चुकीचें कारस्थान दिसूं लागतें.

या दृष्टीनें खाशाबा जाधव यांच्या आयुष्यांतील दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याजोगे आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले होते. १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकसाठीं निवड व्हावयाची तेव्हां मद्रासच्या स्पर्धेंत त्यांना एका गुणानें हार पत्करावी लागली, आणि तो गुण मुद्दाम कमी दिला गेला असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवेंद्रसिंह हे त्या वेळीं भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनीं म्हणणें ऐकून घेतलें, कुस्ती पुन्हां लावली, आणि खाशाबांनीं प्रतिस्पर्ध्यास हरवून आपला हक्क सिद्ध केला. प्रवासखर्चासाठीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत आपणांपैकीं अनेकांना ठाऊक असेल. आतां दुसरा प्रसंग खुद्द हेल्सिंकीचा. जपानच्या शोहाची इशी याच्याशीं दीर्घ कुस्ती झाल्याबरोबर खाशाबांना रशियाच्या रशीद मामेदबेकोवशीं लढण्यास बोलावण्यांत आलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति हा नियम होता. पण तो नियम पुढें करून भांडण्यास भारताचा एकही अधिकारी त्या वेळीं तेथें हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजीं त्यांना कांस्यपदक मिळालें, आणि स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक म्हणून आपण त्याचा गौरव करतों. तें रौप्य किंवा सुवर्ण झालें असतें कीं नाहीं, कोण सांगणार? मद्रासला दाद मागण्यास ठिकाण होतें, हेल्सिंकीला नव्हतें. मल्ल तोच होता.

आज तर ठिकाणेंच दोन झालीं आहेत, ही आणखी एक अडचण. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ सालीं मामासाहेब मोहोळ यांनीं स्थापन केली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. २०२२ सालीं भारतीय कुस्ती महासंघानें ही परिषद बरखास्त केली. वाद न्यायालयांत गेला, आणि परिषदेच्या जोडीला महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ उभा राहिला. परिणाम असा कीं २०२३ च्या नोव्हेंबरांत फुलगांवला एक महाराष्ट्र केसरी झाला आणि धाराशिवला दुसरा. २०२५ मध्यें फेब्रुवारींत अहिल्यानगरला एक, तर मार्चअखेर त्याच जिल्ह्यांतील कर्जतला दुसरा. एका वनांत दोन केसरी! दिल्लीची स्थितिही फारशी निराळी नव्हती. वेळेवर निवडणुका न घेतल्यामुळें जागतिक संघटनेनें ऑगस्ट २०२३ मध्यें भारतीय महासंघास निलंबित केलें, आणि त्या सप्टेंबरांत बेलग्रेडला आपल्या मल्लांना तिरंग्याशिवाय उतरावें लागलें. तें निलंबन फेब्रुवारी २०२४ मध्यें उठलें. आपल्या सरकारनें घातलेलें निराळें निलंबन मार्च २०२५ पर्यंत चाललें. फुटबॉलचेंही तसेंच: ऑगस्ट २०२२ मध्यें जागतिक संघटनेनें भारतीय फुटबॉल महासंघास अकरा दिवस बाहेर ठेवलें होतें. ज्या संस्थेची स्वतःची गादी स्थिर नाहीं तिनें नेमलेल्या पंचाचा शब्द प्रेक्षकानें अखेरचा मानावा, ही मागणी जरा जड आहे.

उपाय नाहींत असें नाहीं. २०१० सालीं इंग्लंडच्या लॅम्पार्डचा गोलरेषेच्या चांगला आंत पडलेला चेंडू पंचांस दिसला नाहीं. त्यावर एवढी ओरड झाली कीं दोनच वर्षांनीं गोलरेषेवर यंत्राची नजर ठेवण्यास मान्यता मिळाली. गादीच्या कुस्तींतही मार्गदर्शकाजवळ एक मऊ ठोकळा देतात. निकाल अमान्य असल्यास त्यानें तो गादीवर टाकावयाचा, मग चित्रफीत पाहतात. आक्षेप फोल ठरला तर प्रतिस्पर्ध्यास एक गुण. ही पद्धति चांगली आहे, पण चित्रफीत पाहणारे पाहतात आणि बोट वर करतात. त्यांनीं काय पाहिलें हें प्रेक्षकास कळत नाहीं. २०२३ मध्यें ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें झालेल्या स्त्रियांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेंत एक नवी रीत पाडली गेली. चित्रफीत पाहून आल्यावर पंच आपला निर्णय आणि त्याचें कारण ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानास सांगत. ओरडणारे त्यानंतरही ओरडले, पण कशाविरुद्ध ओरडावयाचें हें तरी त्यांना कळलें.

आमच्या कुस्तीच्या मैदानांत ध्वनिक्षेपक असतो, बोलका निवेदकही असतो. इनामाच्या रकमा, देणगीदारांचीं नांवें, आलेल्या पाहुण्यांचे फेटे, सारें तो तिन्हीसांजेपर्यंत न थकतां सांगतो. ‘पाठ सरळ जमिनीकडे वळली, मध्यें कुशीचा आधार लागला नाहीं, म्हणून गुण चार’ एवढें वाक्य त्याच यंत्रावरून पंचानें बोलावयाचें झालें, तर मीं घड्याळ लावून पाहिलें आहे, सहा सेकंद लागतात.