दुसऱ्या चालीचा मान

बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची. ती संधी मोठी मानतात, म्हणून काळी मोहरी वाट्याला आली की आपली मुले हिरमुसतात. अशा मुलांना १९०७ सालचा एक डाव अवश्य दाखवावा. पोलंडमधील लोड्झ शहरातील स्पर्धेत (तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते) रोटलेव्हीविरुद्ध अकिबा रुबिनस्टाइन काळ्या मोहऱ्यांनी खेळला.

सुरुवातीला दोन्ही बाजूंची मांडणी जणू आरशातले प्रतिबिंब. फरक होता वेळेचा. पांढऱ्याने वजीर दोन चालींत जिथे नेला, तिथे काळ्याचा एकाच चालीत पोचला. पांढऱ्याचा उंट डी-३ वर आला, सी-४ वर गेला आणि पुन्हा डी-३ वर परतला. अशा फेऱ्यांत पहिल्या चालीचा फायदा केव्हाच संपला. पंधराव्या चालीपर्यंत मागून निघालेला रुबिनस्टाइन पुढे गेला होता.

पुढचे नाट्य विलक्षण आहे. बाविसाव्या चालीला, स्वतःचा वजीर प्याद्याच्या तोंडी असताना, रुबिनस्टाइनने तो हलवलाच नाही! उलट हत्तीने घोडा मारला. पांढऱ्याने वजीर घेतला, तेव्हा काळ्याने दुसरा हत्तीही पुढे केला. तो घेताना पांढऱ्या वजिराने आपल्या उंटाची राखण सोडली आणि काळ्या उंटाने तो उंट मारून राजाला शह दिला. पंचविसाव्या चालीला उरलेला हत्ती एच-३ वर आला. मात अटळ होती. रोटलेव्हीने डाव सोडला. त्या वेळी पांढऱ्याकडे वजीर आणि दोन्ही हत्ती शाबूत होते, पण कोपऱ्यातला एक हत्ती तर घरातून हललाच नव्हता. काळ्याची मात्र उरलेली चारही मोहरी कामाला लागली होती.

या डावाला 'रुबिनस्टाइनचा अमर डाव' म्हणतात. १५ जानेवारी २०१३ रोजी नेदरलँड्समधील वाइक आन झे येथे आपल्या विश्वनाथन आनंदने अरोनियनला काळ्या मोहऱ्यांनी अवघ्या २३ चालींत हरवले, तेव्हा पांढऱ्या राजावर रोखलेले त्याचे दोन उंट पाहून जाणकारांना हाच डाव आठवला.

रुबिनस्टाइनला जगज्जेतेपद मिळाले नाही. लास्करशी ठरू घातलेली लढत १९१४ च्या महायुद्धामुळे राहून गेली आणि पुढे मानसिक आजाराने त्याला खेळापासून दूर नेले. १९६१ साली तो वारला. डाव मात्र राहिला.

सुट्टीच्या दिवशी घरी पट मांडून तो मुलांसोबत जरूर खेळून पाहा. आधी कोण निघाला यापेक्षा वाटेत वेळ कोणी दवडला, हे त्यांना न सांगताच कळेल.